सपरीत चोरलेले दिवस

दवाखान्याच्या खाटेवर, कमरेखालचं लुगडं रक्ताने जड झालेलं असताना, डॉक्टरीणबाईंनी मला साधा एक प्रश्न विचारला आणि मी धडधडीत खोटं बोलले.

"शेवटची पाळी कधी आली होती?" एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणाले, "मार्गशीर्षात." खरं उत्तर होतं, दसऱ्याच्या आधी. या दोन उत्तरांच्या मधे माझा जीव लोंबकळत होता, आणि मला काळजी कशाची? उशाशी उभी असलेली सासू काय म्हणेल, याची. अशी शहाणी होते मी.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पण मागच्या महिन्यात नातीसोबत दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी तिला तेच विचारलं. पोरीने आधी माझ्याकडे चोरून पाहिलं आणि मग उत्तर दिलं. ते पाहणं मी ओळखलं. म्हटलं, आता लिहून टाकावं. वाचून हसायचं त्यांनी हसा, पण डॉक्टरला मात्र खरं सांगा.

सपरी

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. माझं सासर अल्लीपूरकडचं, कपाशीचं घर. घरात विधवा सासू, थोरले दीर, वच्छला जाऊबाई आणि आम्ही दोघं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. उंच, काटक, बोलणं मोजकं. त्यांची पाळी माझं लग्न व्हायच्या आधीच गेली होती, हे मला जाऊबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं. कोणाच्या घरात कोण कधी बाहेरची बसते, हे तेव्हा अख्ख्या आळीला ठाऊक असायचं.

बाहेरची म्हणजे पाळी आलेली. गोठ्याला लागून एक सपरी होती, वर तणस, बाजूला कुडाची भिंत. पाळी आली की तिथे जाऊन बसायचं. चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. हे सगळीकडेच होतं. पण आमच्या घरी त्यावर एक कळस होता. बाहेरचीने कपाशीच्या वावरात पाय ठेवायचा नाही आणि घरात आलेल्या कापसाला बोट लावायचं नाही. शेजारच्या घरच्या बाया पाळीतही वेचायला जायच्या. आमच्याकडे नाही. कापूस आमचा देव.

आता तुम्हीच सांगा. सोळा-सतरा वर्षांची पोर. पहाटे उठून दळण, पाणी, भाकरी, मग उन्हात ओटी बांधून वेचणी, बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली. आणि एका बाजूला सपरी! आयती भाकर येते, पाठ टेकता येते, कुणी हाक मारत नाही. मी तिथे खाली पडल्या पडल्या गाईशी गप्पा मारायची. माहेरची गाणी म्हणायची.

पहिल्यांदा मी शेवटी एक दिवस वाढवला. कुणी काही म्हणालं नाही. मग पाळी यायच्या आदल्या दिवशीच जाऊन बसले. मग वेचणी ऐन भरात आली तेव्हा पाळी नसतानाच सपरी गाठली. पुरावा म्हणून फडकी भिजवून मागच्या बाजूला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, गंजीआडच्या दोरीवर टाकायची. माहेरच्या जुन्या हिरव्या काठाच्या लुगड्याची फडकी होती ती. मला वाटायचं, माझ्यासारखी हुशार अख्ख्या जिल्ह्यात नाही.

जाऊबाई कुरकुरायच्या. "हिचे दिवस सरतच नाई का वं? माह्ये हात मोडून राह्यले वेचू वेचू."

पण आत्याबाई कधी बोलल्या नाहीत. उलट मी उठायच्या बेताला आले की सपरीच्या दाराशी भाकर ठेवत म्हणायच्या, "बस अजून एक दिवस. घाई काऊन करतं?"

गायब फडकी

या प्रेमळपणाचाच मला संशय आला. सासू आणि सुनेला म्हणते बस? यात काहीतरी आहे.

त्यातच दोरीवरची फडकी हलायला लागली. सकाळी मी टोकाला टाकलेलं दुपारी मधे दिसायचं. एकदा दोन फडकी गायबच झाली. वाऱ्याने गेली म्हणून गंजीच्या भोवती शोधलं, गाईच्या तोंडात पाहिलं. कुठे नाही.

मी जाऊबाईंना विचारलं. त्यांनी भाजी निवडता निवडता हात थांबवला, मागे-पुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"विटाळाचं फडकं कोणी उगाच नेते का? त्याच्यावर करणी होते. कूस बांधतात."

"पण नेईल कोण?"

"मी काही बोलली नाई बाप्पा. पण आत्याबाईच्या भावाची पोरगी लग्नाची हाये, एवढं मले माईत हाये."

झालं, म्हणजे मला सवत आणायचा बेत! त्या दिवसापासून मी आत्याबाईंच्या हातचं पाणी प्यायच्या आधी वास घ्यायला लागले. त्यांनी भाकर ठेवली की आधी कुत्र्याला तुकडा टाकून बघायची. कुत्रा माझ्यामुळे चांगला गुबगुबीत झाला. आत्याबाई हल्ली पिवळ्या दिसत, चालता चालता दाराची चौकट धरत, देवळात जाणं त्यांनी सोडलं होतं. ते सगळं मी पाहत होते आणि मनात हिशेब लावत होते, की मंत्रतंत्र करणाऱ्या बाईला देऊळ कसं सोसेल?

स्वतःच्याच जाळ्यात

दसऱ्याच्या आधी पाळी आली ती खरी. दिवाळीनंतर आलीच नाही. पण मी महिन्याच्या नेमाने सपरीत जाऊन बसले, कारण वेचणी सुरू झाली होती. मार्गशीर्षातही तेच. सकाळी मळमळायचं, अंबाडीच्या भाजीचा वास सहन व्हायचा नाही. मी काही इतकी अडाणी नव्हते. मला दिवस गेले होते.

आणि सांगता येत नव्हतं! लग्नाला दोन वर्षं झालेली, घर पाळण्याची वाट पाहतं आहे, आणि मी तोंड शिवून. कारण दिवस गेले म्हणायचं, तर मग दिवाळीनंतर सपरीत कशाला बसली होतीस? मी एक डोकं चालवलं. अजून एक महिना बाहेरची बसायचं, मग जाहीर करायचं. मूल लवकर झालं तर म्हणू, घाईचं होतं, माझ्यावर गेलं.

आज मला त्या पोरीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. आणि मग जवळ घ्यावीशी वाटते. तिला विचारणार कुणाला? पोटातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल आमच्याशी कुणी बोललंच नव्हतं. पाळी आली तेव्हा मायने फडकं हातात दिलं आणि म्हणाली, "कोणाले दिसू देजो नको." एवढंच माझं शिक्षण.

कापसावर

संक्रांतीच्या तोंडावर मी पुन्हा सपरीत बसले होते, ढोंगाचं. दुपारी पोटात कळ आली आणि रक्त दिसलं. खोटं वाटेल, पण पहिल्यांदा मला बरं वाटलं. चला, म्हटलं, आता खोटं बोलायला नको, खरंच आली.

मग कळ वाढली. रक्त थांबेना. फडकी संपली, लुगड्याचा पदर संपला. मी जाऊबाईंना हाक मारली. त्या अंगणातूनच म्हणाल्या, "आजवर नाई दुखलं, आजच बरं दुखून राह्यलं! झोप चूप."

त्यांचा राग मी धरत नाही. इतके महिने नाटक पाहिल्यावर खऱ्यावर कोण विश्वास ठेवेल?

आत्याबाई भाकर घेऊन आल्या तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि समोरची गाय मला दोन दिसत होती. त्यांनी खाली पाहिलं. भाकर हातातून टाकली आणि सरळ आत आल्या. सपरीत. मला शिवल्या. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडल्या, तसं ओरडताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही.

दारात वर्ध्याच्या सरकी काढायच्या जीनला जायला कापसाची मोटार भरून उभी होती. आमचाच कापूस. दीर म्हणाले, बैलांची दमणी जुंपतो. आत्याबाई म्हणाल्या, "दमणीनं पोचेपर्यंत पोरगी राहीन का? घ्या तिले वर."

"आई, कापसावर? बाहेरचीले?"

"कापूस गेला खड्ड्यात. घ्या वर!"

तशी मी वर्ध्याला गेले, पांढऱ्याशुभ्र कापसावर पडून. आमचे हे एका बाजूला, आत्याबाई दुसऱ्या बाजूला. कापूस खाली लाल होत होता. मला त्या गुंगीतही वाटत होतं, की बाई आता नक्की मारणार मला.

खरं उत्तर

बायकांचा दवाखाना फिनाइलच्या वासाचा. मी असा वास कधी घेतला नव्हता, म्हणून तोही संशयास्पद. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलणाऱ्या. त्यांनी तो प्रश्न विचारला आणि मी खोटं बोलले, ते वर आलंच.

त्यांनी पोटावर हात ठेवला. दाबलं. माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे.

"मावशी, जरा गरम पाणी आणता का? आमची आया कुठे गेली कोण जाणे."

आया दाराशीच उभी होती. आत्याबाई गेल्या. डॉक्टरीणबाईंनी खाली वाकून हळू विचारलं, "तुझं पोट एक सांगतंय आणि तू एक सांगतेस. मी कुणाचं ऐकू?"

मी रडायला लागले. म्हणाले, "पोटाचं ऐका."

"मग बोल."

सगळं बोलले. सपरी, वेचणी, खोटे दिवस. बोलताना मला वाटलं, त्या आता शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, "कुणी काही औषध, मुळी वगैरे दिली का?"

"नाही."

"नक्की?"

"आत्याबाई करणी करतात. पण खायला काही दिलं नाही."

डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याआड काहीतरी हललं. आता मला कळतं, त्या हसू दाबत होत्या.

"मूल राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "थोडं आत अडकलंय, म्हणून रक्त थांबत नाही. ते साफ करावं लागेल. अजून उशीर झाला असता तर तूही राहिली नसतीस."

मी त्यांचा हात धरला. "पिशवी काढून नका घेऊ. हे लोक सवत आणतील."

"पिशवी तुझीच आहे. मी घेऊन काय करू?"

खाटेवर

जाग आली तर हाताला नळी, वर उलटी बाटली. बाटलीत पाणी. माझ्या अंगातलं रक्त गेलं आणि हे लोक पाणी भरतात! आयेला विचारलं, "यानं माणूस पातळ होतो का?" ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सकाळी दूध आणि डबलरोटी यायची. रोटीला खाली-वर पाहून मी बाजूला ठेवायची. आवारातल्या निंबाखाली तीन विटांवर आत्याबाई भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, करायच्या. तेही मी वास घेऊन खायची. कुत्रा नव्हता तिथे.

बाजूच्या खाटेवरच्या बाईला सातवं झालं होतं, ती मला म्हणायची, "तुले बरं आहे, झोप तरी भेटते." कुणाचं काय आणि कुणाचं काय.

मूल गेलं याचं रडू मला उशिरा आलं. आधी भीती होती, मग लाज. एका दुपारी आमचे हे आले, खाटेच्या कडेला बसले आणि काय बोलावं न कळून खिशातून बोरं काढली. माझ्या तळहातावर ठेवली. मला म्हणाले, "गोड आहेत. मी खाऊन पाह्यले." तेव्हा मी रडले. तीच बोरं खात खात. बोरांचा मात्र मी वास घेतला नाही.

आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. केस विंचरायच्या, पाय पुसायच्या, पण बोलायच्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काही सांगितलं का, हे मला समजेना. विचारायची हिंमत नव्हती. मला वाटायचं, गावी गेल्यावर सगळ्यांसमोर काढतील.

नळापाशी

मला उठायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी भिंत धरत धरत मागच्या नळाकडे गेले. आत्याबाई पाठमोऱ्या बसून काहीतरी धूत होत्या. पाणी लाल वाहत होतं.

आणि फडक्याला हिरवा काठ होता.

माझं फडकं. गायब झालेलं. मला वाटलं, पकडली! आता चोर पकडला. करणी इथे दवाखान्यात आणून चालू आहे!

मग माझी नजर पाण्यावर गेली. त्यातलं रक्त ताजं होतं. माझं तर कालपासून कोरडं होतं, आणि दवाखान्यात मला फडकी नव्हती, कापूस देत होते.

मग हे रक्त कोणाचं?

आत्याबाई वळल्या. फडकं मुठीत दाबलं.

"डोये काऊन वटारून राह्यली? तुह्येच होये. पहिल्या दिवशीचं."

 पण पिवळा चेहरा, चौकट धरणं, देऊळ सोडणं, दोरीवरची हललेली फडकी, सगळं एकामागून एक येऊन उभं राहिलं. पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त. त्यातून विधवा. गावात एकीला जरी कळलं, तरी लोक आजार म्हणणार नव्हते. विधवेने पोट पाडलं, असा एकच अर्थ त्यांनी काढला असता आणि आत्याबाईंना विहीर जवळ करावी लागली असती. तोंड दाबून त्या किती महिने वावरल्या असतील? आणि मी त्यांच्या भाकरीवर कुत्रा सोडत होते.

आता माझ्यापुढे पेच. बोलावं तर त्यांची अब्रू, न बोलावं तर त्यांचा जीव. काही दिवसांपूर्वीच मी शिकले होते, की लपवलेलं रक्त माणसाला कुठवर नेतं.

डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या तेव्हा मी म्हणाले, "आत्याबाई, जरा गरम पाणी आणता का?"

आत्याबाई गेल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. त्यांचीच युक्ती होती ना. मी सांगितलं.

त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त आलं, तर ते एका थेंबाचंही असो, तपासायचंच. किती दिवस झाले?"

"ते त्यांना विचारा. पण मी सांगितलं म्हणू नका."

त्या कशाला ऐकतात! आत्याबाई पाणी घेऊन आल्याबरोबर म्हणाल्या, "मावशी, आता तुमची पाळी. चला पडद्यामागे."

"मले काय धाड भरली?" आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी आधी जळाले असते. "हिनं सांगतलं?"

"हो," मी म्हणाले. "मी सांगितलं. मी खोटं बोलले तर मरता मरता वाचले. तुम्ही खोटं बोलू नका, आत्याबाई. मला सांभाळायला कुणी नाही."

त्यांच्या हातातल्या भांड्यातून वाफ निघत होती. मग भांडं माझ्या स्टुलावर आपटलं, पाणी उडालं, आणि त्या पडद्यामागे गेल्या.

पिशवीच्या तोंडाशी लहानसा मोड होता, तुरीच्या दाण्याएवढा. डॉक्टरीणबाईंनी काढला आणि तपासायला नागपूरला पाठवला. उत्तर येईपर्यंत आम्ही दोघी दवाखान्यात. मी खाटेवर, त्या खाली चटईवर. दोघी आजारी, दोघी गप्प. त्या दिवसांत मी पहिल्यांदा देवाकडे सासू मागितली.

उत्तर चांगलं आलं. घातक काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून एकच गोष्ट सांगितली, ती मी जन्मभर पुढे देत आले. मुलीला पहिल्यांदा पाळी येते तेव्हा, ती आई होते तेव्हा, मूल राहत नाही तेव्हा, आणि पाळी जाते तेव्हा, अंग काहीतरी बोलत असतं. ते ऐकणारी एक तरी बाई घरात असू द्या.

परत

परतताना दमणी होती. आमचे हे पुढे बैल हाकत होते, बैलांशी बोलत होते, मागचं त्यांना ऐकू येत नव्हतं. आत्याबाई बाहेर उघड्या वावरांकडे पाहत बसल्या होत्या. वेचणी संपत आली होती. मी धीर केला.

"आत्याबाई, माझं ढोंग तुम्हाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग तुम्हाला ठाऊक नाही?"

 आत्याबाईंनी पदर नीट केला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या:

"येडे, तुह्यं ढोंग मले पहिल्याच महिन्यात समजलं होतं. पण तू सपरीत बसली म्हणजे दोरीवर फडके दिसले तरी कोणी इचारत नव्हतं. मी माह्ये तुह्यात मिसळून टाको. म्हणून म्हणो तुले, बस अजून एक दिवस. तू उठून घरात आली, का मले वल्लेच बांधा लागत होते."